जात चोरणे आणि जात टाकणे : चित्त-संभूत जातक, बागुलांची कथा व आजची कुमार-कादंबरी

कुमारवयीन वाचकांसाठी इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत गेल्या तीन दशकांत एक कथाप्रकार विशेष बळावला आहे. भविष्यकाळातील एखादे क्रूर राज्य, त्यात जन्मावरून ठरलेल्या पायऱ्या, खालच्या पायरीवर जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा नायक किंवा नायिका, खरी ओळख लपवून वरच्यांच्या गोटात केलेला प्रवेश आणि अखेर बंड, असा त्याचा सर्वसाधारण साचा आहे. लोइस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३), सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८), पिअर्स ब्राउन यांची 'रेड रायझिंग' (२०१४) आणि व्हिक्टोरिया अ‍ॅव्हयार्ड यांची 'रेड क्वीन' (२०१५) ही या प्रकारातील ठळक नावे होत. आदर्श राज्याच्या कल्पनेस 'यूटोपिया' म्हणतात. त्याच्या उलट टोकाच्या या कल्पनेस 'डिस्टोपिया' असे नाव आहे. आपण सोयीसाठी तिला दुर्राज्यकथा म्हणू.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाने या कादंबऱ्यांची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की दुर्राज्याची कल्पना आणि लपविलेल्या ओळखीची कथा या दोन्ही गोष्टी तिपिटकात व अट्ठकथांत फार पूर्वीच आलेल्या आहेत आणि तेथे त्यांची हाताळणी अधिक खोल आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावातून रोज सकाळी नांदेड वा परभणीच्या गाडीने महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातात आज ही पुस्तके किंवा त्यांवरील चित्रपट आहेत. अमेरिकेतील वाचकास जी गोष्ट मंगळावरची अद्भुतकथा वाटते, ती या वाचकास शहरात भाड्याची खोली शोधताना प्रत्यक्ष भेटते. 'खोलीसाठी जात लपविली तर चौथे शील भंगते काय?' हा प्रश्न विहारात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला आहे. या प्रश्नाला कोणती कथा खरे उत्तर देते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुर्राज्याचे कारण

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त ही आमच्या मते भारतीय वाङ्मयातील सर्वांत विचारपूर्ण दुर्राज्यकथा आहे. चक्रवर्तीच्या परंपरेतील एक राजा प्रजेचे रक्षण करतो, परंतु निर्धनांस धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी जन्मते. पहिल्या चोरास राजा धन देऊन सोडतो. ते ऐकून इतरही चोऱ्या करू लागतात, तेव्हा राजा शिरच्छेदाचा मार्ग पत्करतो. राजाच्या हाती शस्त्र पाहून लोकही शस्त्रे घडवितात व गावे लुटू लागतात. पुढे एका पकडलेल्या माणसास राजा विचारतो, 'तू चोरी केलीस हे खरे काय?' आणि तो जाणूनबुजून 'नाही' म्हणतो. अशा रीतीने जगात असत्य अवतरते. ८०,००० वर्षांचे आयुर्मान पायरीपायरीने घटत अखेर १० वर्षांवर येते आणि सात दिवसांच्या एका शस्त्रयुगात माणसे एकमेकांस पशू समजून मारू लागतात.

या सुत्तातील कार्यकारणाची साखळी वाचकांनी बारकाईने पाहावी. असत्य हे तेथे माणसाच्या मूळ दुष्टपणातून निघत नाही. आधी राज्यकर्त्याचा कर्तव्यलोप आहे, मग दारिद्र्य, मग चोरी, मग दंड आणि दंडाच्या भयातून असत्य. ज्याच्या डोक्यावर तलवार आहे त्याच्या तोंडून पहिले खोटे निघते. आजच्या बहुतेक कुमार-कादंबऱ्यांत दुर्राज्याचे कारण एखादा खलपुरुष किंवा एखादे घराणे असते आणि तो नाहीसा झाला की वाचकास समाधान लाभते. सुत्त असे सोपे समाधान देत नाही. शस्त्रयुगातून वाचतात ते गवतात, अरण्यात, दऱ्यांत लपून राहिलेले लोक. सात दिवसांनंतर ते बाहेर येतात, एकमेकांस मिठी मारतात आणि 'आपण हत्या सोडू' येथून पुन्हा आरंभ करतात. लपणे हा तेथे केवळ जगण्याचा उपाय आहे. नवा समाज घडतो तो बाहेर येऊन एकमेकांस भेटल्यानंतर. लपविलेल्या ओळखीच्या कथा याच कसोटीवर पाहाव्यात.

तक्षशिलेतील दोन विद्यार्थी

चित्त-संभूत जातक (क्रमांक ४९८) हे जातिगोपनाचे आद्य कथानक म्हणता येईल. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रातही ही कथा आलेली आहे, यावरून ती किती दूरवर पसरली होती हे दिसते. अवन्ती देशात उज्जेनी नगराबाहेर चांडाळांचे गाव होते. तेथे चित्त आणि त्याचा मावसभाऊ संभूत हे दोघे राहत. चित्त म्हणजे बोधिसत्त्व. दोघे नगराच्या वेशीशी आपल्या कसरतीची कला दाखवीत असता एका श्रेष्ठीची मुलगी व एका पुरोहिताची मुलगी उद्यानाकडे निघाल्या होत्या. चांडाळ दृष्टीस पडले म्हणून त्या सुगंधी पाण्याने डोळे धुऊन माघारी फिरल्या. उद्यानात मिळणारे खाणेपिणे बुडाले या रागाने जमावाने दोघांना बेशुद्ध होईपर्यंत मारले. शुद्धीवर आल्यावर दोघे ठरवितात की, हे सर्व जन्मामुळे घडले, तेव्हा जन्म झाकून ब्राह्मण विद्यार्थ्यांच्या वेषात तक्षशिलेस जाऊन विद्या शिकावी.

मारहाणीनंतर ते शस्त्र शोधत नाहीत, धन शोधत नाहीत. ते शाळा शोधतात, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. अट्ठकथाकाराला हे कोठून सुचले असेल ते असो, परंतु अत्याचारातून उठून विद्येकडे जाण्याची ही वाट आपल्या समाजास अनोळखी नाही.

तक्षशिलेत चित्ताची विद्या पुरी होत आली होती, संभूताची व्हायची होती. एके दिवशी एका गावातून आचार्यांस मंत्रपाठाचे निमंत्रण आले. पावसामुळे आचार्य स्वतः न जाता त्यांनी शिष्यांस पाठविले. जेवणात कढत पायस होते. संभूताने घास घेतला, तोंड पोळले आणि भान सुटून तो चित्ताकडे पाहत आपल्या चांडाळ बोलीत काही बोलला. चित्तही भान विसरून त्याच बोलीत उत्तरला. दोन-चार शब्दांचाच हा व्यवहार. पण बरोबरचे विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले की, ही कोणती भाषा? पुढे शोध लागला, दोघांना मार पडला आणि हाकलून देण्यात आले. त्यांस बाजूला काढणारा एक भला गृहस्थ कथेत आहे, पण तोही हा तुमच्या जन्माचा दोष आहे असेच समजावतो व प्रव्रज्या घेण्याचा सल्ला देतो.

या प्रसंगाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. कोणी हेर नाही, कोणी शत्रू नाही. कढत खिरीचा घास आणि आईकडून मिळालेली बोली, एवढ्यावर वर्षांची विद्या कोसळते. माणूस वेष बदलू शकतो, पाठ केलेले मंत्र म्हणू शकतो. पण तोंड पोळले की तो ज्या भाषेत रडायला शिकला त्याच भाषेत कळवळतो. आणि तो कोणाकडे पाहून बोलतो? भावाकडे. दोघांना उघडे पाडते ते त्यांचे परस्परांवरील प्रेम. आज बोलीची जागा आडनावाने घेतली आहे, गावाच्या नावाने घेतली आहे, भिंतीवरच्या तसबिरीने घेतली आहे आणि फोनवर सवयीने निघणाऱ्या 'जय भीम'ने घेतली आहे. पण यंत्रणा तीच आहे.

जातकाची मर्यादाही आम्ही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उज्जेनीतील वेस, डोळे धुणाऱ्या मुली, मारणारा जमाव यांत कथा काहीही बदल करीत नाही. सुटका पुढच्या जन्मांवर ढकलली जाते. दोघे नेरंजरेकाठी हरणे होतात, नर्मदेकाठी पक्षी होतात, दोन्ही वेळा शिकाऱ्याच्या हातून एकत्र मरतात आणि शेवटी चित्त कोसंबीत पुरोहितपुत्र तर संभूत उत्तरपंचालाचा राजपुत्र म्हणून जन्मतो. ऐकून घेतले जाण्यासाठी त्यांना उच्च कुळात जन्म घ्यावा लागतो, ही कथेची तडजोड आहे.

परंतु याच उत्तरार्धात एक विलक्षण सूक्ष्म तपशील आहे. चित्ताला चारही जन्म आठवतात. राजा झालेल्या संभूताला केवळ चांडाळ-जन्म आठवतो. पालीत 'जाति' या शब्दाचा मूळ अर्थ जन्म, आणि पूर्वजन्म आठवणाऱ्यास 'जातिस्सर' म्हणतात. मराठीच्या कानांस या शब्दात दुसराही अर्थ ऐकू येतो. सिंहासनावर बसलेल्या माणसाला हरणाचा जन्म आठवत नाही, पक्ष्याचा आठवत नाही. ज्या जन्मात डोळे धुतले गेले तोच तेवढा आठवतो. अधिकारपद मिळाल्याने जात विसरता येते, असे समजणाऱ्यांस अट्ठकथाकाराने दिलेले हे उत्तर आहे.

'चोरणे' हे क्रियापद

बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथा चित्त-संभूत जातकाशेजारी ठेवून वाचावी असे आम्हांस सुचवावेसे वाटते. निवेदक रेल्वेत नोकरीस लागतो, गुजरातेतील परक्या गावी त्यास राहण्यास जागा हवी असते, आणि त्या गरजेपोटी तो जात सांगत नाही. तो कवी आहे. नव्या भारताची स्वप्ने पाहणारा आहे. त्याच्या शब्दांवर लोक लुब्ध होतात, त्यास मान देतात. त्याच ठिकाणी काशिनाथ हा दुसरा दलित कामगार आहे. तो जात लपवीत नाही आणि अपमान झाला की उसळून उठतो. शेवटी निवेदकाची जात उघड होते, त्याला बेदम मार बसतो आणि काशिनाथ त्याला सोडवितो. आपल्याला मारणारे हे लोक नव्हेत, मारणारा मनू आहे, अशा आशयाचे निवेदकाचे शेवटचे उद्गार आहेत.

मार खाण्याचा प्रसंग जातकात आहे तसा येथेही आहे. फरक आहे तो मारानंतरच्या निदानात. जातकातील भला गृहस्थ दोष जन्मात पाहतो. बागुलांचा निवेदक दोष ग्रंथात व व्यवस्थेत पाहतो. या दोन निदानांच्या मध्ये महात्मा फुले आहेत, १९२७ सालचे महाडचे मनुस्मृतिदहन आहे आणि १९५६ सालची नागपूरची दीक्षा आहे.

'जात चोरणे' या वाक्प्रयोगाकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. चोरी होते ती दुसऱ्याच्या वस्तूची. स्वतःविषयीची एक गोष्ट न सांगणे याला मराठी भाषा चोरी म्हणते, याचा अर्थ त्या गोष्टीची मालकी समाजाकडे आहे असे ती भाषा गृहीत धरते. 'अंग चोरणे' हा दुसरा प्रयोग पाहावा. स्पर्श होऊ नये म्हणून स्वतःचेच शरीर आक्रसून घेणे, तेही चोरणेच. स्वतःचे अंग आणि स्वतःचा जन्म यांचा ज्याला चोर व्हावे लागते, अशा माणसाची ही भाषा आहे. बागुलांनी शीर्षकात हे क्रियापद वापरून चोरीचा आरोप जणू कबूल केला आणि त्याच कथेने खरा चोर कोण हे दाखवून दिले.

ही केवळ कथेतली गोष्ट नव्हे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीस गेले असता त्यांना एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका आला व त्यांना बाहेर काढण्यात आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. तक्षशिला आणि बडोदे यांत दोन सहस्रकांचे अंतर आहे. पण विद्या, निवारा, लपविलेले नाव आणि काठ्या हा क्रम बदललेला नाही.

सोनेरी देह आणि लाल रक्त

आता आजच्या कादंबऱ्यांकडे वळू. 'रेड रायझिंग'मध्ये समाज रंगांच्या उतरंडीत विभागलेला आहे; सर्वांत वर सोनेरी, सर्वांत खाली लाल. डॅरो हा सोळा वर्षांचा लाल मुलगा मंगळाच्या पोटातील खाणीत राबतो. आपल्या श्रमाने मंगळाचा पृष्ठभाग एक दिवस राहण्यायोग्य होईल असे त्याच्या लोकांस शिकविले गेले आहे; वास्तविक वर नगरे कधीच वसलेली आहेत. निषिद्ध गाणे गायल्याबद्दल त्याच्या पत्नीला फाशी होते. बंडखोर त्याचा देह शस्त्रक्रियेने सोनेरी माणसासारखा घडवितात व वरच्यांच्या विद्यालयात त्यास धाडतात.

यातील एक गोष्ट खरोखर मोलाची आहे. पहिले आणि सर्वांत मोठे खोटे राज्याने बोललेले आहे. डॅरोचे सोंग त्यानंतरचे आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील क्रम येथे नकळत राखला गेला आहे. परंतु पुढे कादंबरी वाट बदलते. देह घडविला, लकबी बदलल्या, की डॅरो सोनेरी मुलांहून सरस सोनेरी ठरतो, आणि वाचकाला आनंद होऊ लागतो तो त्याच्या सरशीचा, त्याच्या नव्या बळाचा, त्या वैभवाचा. खाणीतील आप्त पार्श्वभूमीस जातात. जातकात भाऊ शेजारी बसलेला आहे, म्हणून तोंड पोळल्यावर बोली निसटते; डॅरो वरच्यांत वावरतो तेव्हा त्याच्या शेजारी त्याच्या बोलीतला असा भाऊच नाही. एकट्याचे सोंग टिकविणे सोपे असते.

'रेड क्वीन'मध्ये माणसांचे रक्तच दोन रंगांचे आहे. रुपेरी रक्ताच्या लोकांकडे अद्भुत शक्ती व राज्य, लाल रक्ताच्यांकडे कष्ट. सतरा वर्षांच्या मेअर या लाल मुलीच्या अंगी वीज खेळविण्याची शक्ती आहे हे भर दरबारात उघड होते, आणि उतरंड खोटी ठरू नये म्हणून राजघराणेच तिला हरवलेली रुपेरी कुलकन्या म्हणून मिरविते. येथे ओळख लपविण्याची गरज सत्तेला आहे, ही कल्पना चतुर आहे. गुणवान दलितास 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही' असे कौतुकाने सांगणारे सभ्य लोक आपल्या परिचयाचे आहेत. तथापि कादंबरीचा पाया याच ठिकाणी खचतो. रक्तावरून माणूस ठरवू नये असे सांगणाऱ्या या कथेत नायिकेचे मोल शेवटी तिच्या जन्मजात आगळेपणातच शोधले जाते. जिच्या अंगी वीज नाही, त्या मेअरच्या शेजारणीचे काय?

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त नेमके येथे उपयोगी पडते. तृण, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातीची लक्षणे देहावर दिसतात; माणसांत तशी नाहीत, भेद आहे तो केवळ व्यवहारातील नावाचा, असा त्या सुत्ताचा युक्तिवाद आहे. थेरगाथेतील सुनीत निर्माल्य झाडणारा होता. त्याच्यात लपलेले राजरक्त किंवा गुप्त शक्ती नव्हती. त्यास मार्ग मिळाला आणि तो चालला. कुमार वाचकास अधिक धीर कोण देईल? आमच्या मते सुनीत देईल. कारण त्याच्यासारखे होण्यासाठी कोणी निवडलेले असावे लागत नाही.

बंड आणि सूड

या कादंबऱ्यांचा दुसरा विषय बंड हा आहे. पाली परंपरेत त्याचे सर्वांत भीषण चित्र विडूडभाच्या कथेत येते. कोसलराज पसेनदीने शाक्यांकडे कन्या मागितली असता कुलाभिमानी शाक्यांनी महानामाची दासीपासून झालेली कन्या वासभखत्तिया शुद्ध क्षत्रिया म्हणून दिली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी गेला. तो परतल्यावर तो बसलेले आसन एका दासीने त्याच्या जन्माचा उद्धार करीत दुधपाण्याने धुतले. ते त्याच्या कानी गेले. राजा झाल्यावर त्याने शाक्यांचा संहार केला आणि शेवटी तो ससैन्य अचिरवतीच्या पुरात बुडाला.

ओळख लपविली गेली होती ती विडूडभापासूनच. लपविणारे उच्चकुलीन होते. त्याचा संताप समजण्यासारखा आहे आणि अट्ठकथाही तो समजून घेते. पण धुतलेल्या आसनाचे उत्तर रक्ताने आसन धुऊन मिळत नाही, कारण धुण्याची कल्पना तशीच शिल्लक राहते. 'द हंगर गेम्स'च्या मालिकेत बंडखोरांच्या नेतृत्वाकडेही संशयाने पाहण्याचे धैर्य लेखिकेने दाखविले आहे. त्या बाबतीत ती मालिका तिच्या अनेक अनुकरणांहून वरची ठरते. बागुलांच्या कथेत हाच ताण काशिनाथ आणि निवेदक यांच्यात आहे. काशिनाथाच्या उसळत्या रागाशिवाय निवेदक वाचला नसता, आणि निवेदकाच्या निदानाशिवाय काशिनाथाचा राग माणसामाणसांत संपून गेला असता.

शीलाचा प्रश्न

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. जात लपविणे हे 'मुसावाद' आहे काय? अट्ठकथांनी मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत : वस्तू असत्य असणे, फसविण्याचे चित्त, तदनुरूप प्रयत्न आणि समोरच्यास तो अर्थ समजणे. केवळ या मापाने पाहिले तर खोटे नाव सांगणे त्यात येईल. परंतु हारित जातकाच्या (क्रमांक ४३१) कथेत एक महत्त्वाचे विधान आहे. बोधिसत्त्वाकडून काही प्रसंगी इतर शीलांचा भंग घडू शकतो; मात्र दुसऱ्याच्या हिताचा भेद करणारे फसवे असत्य त्याच्याकडून कधीही घडत नाही, असे तेथे म्हटले आहे. आता चित्त हा बोधिसत्त्व आहे आणि तो तक्षशिलेत जन्म झाकून राहिला आहे. अट्ठकथाकार त्याच्या मुक्कामाचे वर्णन करतो, पण कोठेही त्यास मुसावाद म्हणत नाही. या दोन स्थळांचा मेळ घालावयाचा तर एकच अर्थ निघतो : चित्ताच्या झाकण्याने कोणाच्याही हिताचा भेद झाला नाही. आचार्यांची विद्या कमी झाली नाही, सहाध्याय्यांचा घास हिरावला गेला नाही. हा आमचा अर्थ आहे. तो परंपरेने शब्दशः सांगितलेला नाही, पण परंपरेतूनच निघतो.

विनयपिटकात भिक्षूने आपला दोष झाकला तर त्यास जितके दिवस झाकला तितके दिवस परिवास भोगावा लागतो. झाकू नये तो दोष. जन्म हा दोष नसेल, तर तो झाकणे हा अपराधही ठरत नाही. मात्र तो झाकावा लागणे हे दुःख आहे, आणि त्या दुःखाचे कारण विचारणाऱ्याकडे आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. महावग्गात 'थेय्यसंवासक', म्हणजे चोरून संघात राहणारा, असा एक शब्द येतो. खालावलेल्या कुळातील एका सुकुमार तरुणाने सुखाने खाण्यास मिळावे म्हणून स्वतःच मुंडन करून चीवर घातले. त्यास संघात स्थान नाकारले गेले. त्याच प्रकरणात माणसाचे रूप घेऊन भिक्षू झालेला नाग झोपेत उघडा पडतो. संघाने जातीची अट घातली नाही, पण दास, ऋणी, राजसेवक यांस मुक्त झाल्याखेरीज उपसंपदा मिळत नसे, हे ऐतिहासिक सत्य अभ्यासकाने दडवू नये. चित्त आणि थेय्यसंवासक या दोघांतील फरक असा की, एकाने जे सर्वांचे असावयास हवे होते ते झाकून मिळविले. दुसऱ्याने जे साधनेने मिळवावयाचे ते वेष घालून मिळविले.

चोरणे आणि टाकणे

तरीही लपविणे हा मार्ग होऊ शकत नाही. जातक, बागूल आणि बडोद्याचा प्रसंग या तिन्ही ठिकाणी शेवटी काठ्याच आल्या. लपविण्याने एक खोली मिळते, एक वर्ष निभते. उतरंड जेथल्या तेथे राहते आणि लपविणारा आपल्या भावाकडे मान वर करून पाहण्यास भितो. याला पर्याय म्हणून जात मिरविणे पुढे येते. तेही त्याच उतरंडीवर उभे आहे. तिसरा मार्ग टाकण्याचा आहे. नद्या समुद्रास मिळाल्या की आपापली नावे टाकतात, ही पहाराद सुत्तातील उपमा सर्वपरिचित आहे. शाक्य कुमारांनी स्वतःचा मान मोडावा म्हणून उपालि न्हाव्यास आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. तेथे उपालिने काहीही लपविले नव्हते. तो न्हावी होता हे सर्वांस ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनच त्यांनी त्यास वंदन केले. लपविणे एकट्याने करता येते. टाकण्यासाठी मात्र वरच्यानेही काही टाकावे लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते टाकणे होते. लाखोंच्या समक्ष, दिवसाढवळ्या, नाव घेऊन. मराठवाड्यातील वाचकास नावाची किंमत वेगळी सांगावयास नको. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत या भूमीने एका नावासाठी घरे जळताना पाहिली. उघडपणे नाव घेण्याची ती किंमत होती.

म्हणून कुमार वाचकांनी या इंग्रजी कादंबऱ्या वाचू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या वेगवान आहेत, अन्यायाविषयी चीड उत्पन्न करतात, राज्याच्या खोटेपणाकडे बोट दाखवितात. तेवढे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या जोडीला चित्त-संभूत आणि बागूल वाचले गेले नाहीत, तर आपल्यालाही गुप्त शक्ती हवी होती अशी खंत तेवढी मुलांच्या मनात उरेल. मुलांसाठीच्या मराठी जातकसंग्रहांत बहुधा माकड-मगरीच्या कथांना जागा मिळते; मातंग (४९७) व चित्त-संभूत (४९८) यांना मिळत नाही. दुर्गा भागवत यांच्या 'सिद्धार्थ जातक' या सात खंडांच्या अनुवादामुळे या कथा मराठीत उपलब्ध आहेत. वर्षावासातील वाचनात किंवा श्रामणेर शिबिरांत या दोन कथा आणि बागुलांची कथा एकत्र वाचली जावी, आणि वाचनानंतर मुलांना एवढेच विचारावे : खीर कढत होती, संभूताचे तोंड पोळले; त्या पंगतीतील एकानेही त्याला पाणी का दिले नाही? कोणती भाषा बोललास, हे त्यांना आधी का विचारावेसे वाटले? या प्रश्नाचा रोख लपविणाऱ्याकडून विचारणाऱ्याकडे वळतो, आणि खोली शोधणाऱ्या मुलास आपल्या वाङ्मयाकडून तेवढे तरी मिळालेच पाहिजे.